माझं मत नाही

दासगावच्या बंदराला लाँच लागली होती आणि बा माझ्या पिशवीची गाठ तिसऱ्यांदा सोडून पुन्हा बांधत होता. पिशवीत होतं तरी काय? नाचणीच्या भाकऱ्या, लसणीची चटणी, एक धोतर, एक सदरा आणि महाडच्या शाळेचा सातवी पास झाल्याचा दाखला. गाठ सुटणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं, पण हाताला काहीतरी काम हवं होतं. आदल्या दिवशी पहाटे आम्ही कुडपणाहून निघालो, उतार उतरून पोलादपूरला आलो, तिथून महाड आणि महाडहून इथवर. दोन दिवसांत बा माझ्याशी दहा वाक्यं बोलला असेल. त्यातली आठ पायाखाली बघून चालण्याबद्दलची होती.

लाँचचा भोंगा झाला तेव्हा तो म्हणाला, "तू घरातला थोरला. कुठं पन अस, तुझं मत घेतल्याबिगर घरात काय व्हनार नाय."

मी एकोणीस वर्षांचा होतो. बापानं आपल्याला माणसांत धरलं म्हणून माझी छाती फुगली. लाँच सावित्रीच्या खाडीतून निघाली तरी मी ते वाक्य मनात घोळवत होतो, आणि काठावर बा किती वेळ उभा राहिला हे बघायचं राहून गेलं. बानं तो शब्द पाळला. पाळला नसता तर फार बरं झालं असतं.

आमच्या घरात चौघं. बा, आये, मी आणि माझी धाकटी बहीण सोनी. सोनी मला निरोप द्यायला पठाराच्या कडेपर्यंत आली होती, म्हशी मागं तशाच सोडून. तिला प्रश्न विचारायची खोड. मुंबईत म्हशी कुठं चरतात, आगबोट एवढी जड असून बुडत कशी नाही, तिथल्या माणसांना आपलं बोलणं कळतं काय. बा म्हणाला, "पोरीच्या जातीनं येवढं इचारू नये गो." ती पठाराच्या कडेलाच थांबली. आम्ही वळणाखाली गेलो तेव्हा वरून तिची हाक आली, "दादा, उत्तर धाड." कशाचं उत्तर, ते मी पहिल्या उतारालाच विसरलो होतो.

मुंबईत दोन वर्षं गोदीत काढली. मग जहाजावर आगवाला म्हणून लागलो. बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा टाकायचा, तो आगवाला. ब्रुकलिनच्या धक्क्यावर जहाज लागलं तेव्हा मी खाली उतरलो आणि परत चढलो नाही. एवढ्या एका वाक्यात सांगतो, कारण त्यात शौर्य काही नव्हतं. पाठ भाजून निघाली होती आणि बाहेरची थंड हवा बरी वाटली.

माझ्यासारखे उतरलेले आणखीही होते, बंगालचे, पंजाबचे. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हे पडलं तर त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. एका लाँड्रीच्या तळघरात पुन्हा बॉयलरच मिळाला. समुद्र ओलांडून आलो आणि परत त्याच आगीपुढं उभा राहिलो. फोरमन होता मॅक नावाचा आयरिश माणूस. त्याला धोंडू म्हणता येईना, म्हणून मी डॅन झालो. राहायला एका आयरिश विधवेच्या लॉजिंगमध्ये खोली घेतली. कुडपणात थंडीत आम्ही सगळी चुलीभोवती एका घोंगडीत बसायचो. इथे खोलीत स्टीमची नळी होती, अंग शेकायची, पण तिच्याशी बोलणार काय?

दुसऱ्या वर्षी निवडणूक आली. चार वर्षांतून एकदा या देशाला राष्ट्राध्यक्षाचा ताप चढतो. पक्ष दोन. त्यांची नावं लांबलचक आहेत, पण चित्रं सोपी. एकाचा हत्ती, दुसऱ्याचं गाढव. आपल्याकडे कोणाला गाढव म्हटलं तर तो काठी घेऊन अंगावर येईल. इथे चांगले पोट सुटलेले शेट कोटाला पितळी गाढव लावून मिरवतात. हत्तीवाले म्हणत, कारखान्यांची धुरांडी चालू आहेत, आणखी काय पाहिजे? गाढववाल्यांनी दारूबंदी नको म्हणणारा माणूस उभा केला होता, आणि तो धर्मानं रोमन कॅथलिक. मॅक त्याच्याच धर्माचा, त्यामुळे मॅकला भलतंच स्फुरण चढलं होतं. इस्त्रीवरची माणसं मात्र हळूच म्हणत, हा निवडून आला तर रोमचा पोप आपल्यावर राज्य करील.

मी हे ऐकायचो आणि मला महाड आठवायचं. तळ्याच्या पाण्यावरून तिथे डोकी फुटल्याची बातमी आदल्याच वर्षी पत्रातून कळली होती. त्या तळ्याचं पाणी मी शाळेत असताना पोटभर प्यायलो होतो, आणि ते कोणाला पिऊ देत नाहीत याकडे माझं कधी लक्षही गेलं नव्हतं. माणूस स्वतः तहानलेला असल्याशिवाय त्याला हे दिसत नाही. मलाही अमेरिकेत येऊन दिसलं.

कारण मॅक दर शनिवारी विचारायचा, "डॅन, तू कोणाला देणार?" मी हसून वेळ मारून न्यायचो. मी मनातून गाढवाकडे होतो. मॅकच्या धाकानं, की गरिबाच्या पोरानं राष्ट्राध्यक्ष व्हावं असं वाटत होतं म्हणून, ते सांगता येत नाही. पण माझ्या वाटण्याला तिथे किंमत नव्हती. हिंदुस्थानातला माणूस गोरा नाही, त्याला इथलं नागरिक होता येणार नाही, असा निकाल इथल्या सगळ्यांत वरच्या कोर्टानं दिला होता. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांच्यापैकीही काहींचं काढून घेतलं होतं. मी तर जहाजावरून पळालेला. कोर्टात तोंड दाखवायची सोयही मला नव्हती.

मतदानाच्या दिवशी सकाळी आमची घरमालकीण जिन्यावरून उतरली ती चर्चला जायची टोपी घालून. कुठं निघालात म्हटलं तर म्हणाली, मत द्यायला. बाईला सही करायला दोन मिनिटं लागायची. ती ताठ मानेनं गेली आणि तासाभरानं बटाटे घेऊन परत आली. मला वाईट वाटलं. खरं लिहायचं तर वाईट अशासाठी वाटलं, की एका म्हातारीला आहे आणि माझ्यासारख्या बाप्याला नाही. त्याच तिरमिरीत, लाँड्रीत जायच्या आधी, मी घरी पत्र लिहिलं.

ते पत्र मला आजही तोंडपाठ आहे. "इकडे सर्व क्षेम. यंदा इथे हत्ती आणि गाढव यांची झुंज लागली आहे. लोक रस्त्यानं वाजतगाजत जातात. आता मताचं विचाराल तर माझं मत नाही. का नाही ते कागदावर लिहिण्यासारखं नाही, लिहायला लाज वाटते. त्याबद्दल पुन्हा विचारू नये. आयेला नमस्कार, सोनीला आशीर्वाद."

मला म्हणायचं होतं ते एवढंच, की या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मला नाही. पण कुडपणात कोणी कधी मतपेटी पाहिली होती? आमच्या पठारावर मत म्हणजे एकच, माणसाचा होकार नाहीतर नकार. तिथलाच मी, आणि दोन वर्षांत हे विसरलो. पत्र पेटीत टाकलं आणि कामाला लागलो. संध्याकाळी हत्ती जिंकला.

त्यानंतर पंधरवड्यानं डेट्रॉइटच्या एका मोटारीच्या कारखान्यात बॉयलरवर जागा आहे असं कळलं आणि मी ब्रुकलिन सोडलं. माझ्यासारख्यांनी मागे पत्ता ठेवायचा नसतो, न जाणो कोणी सरकारी माणूस विचारत यायचा. म्हणून घरमालकिणीलाही पत्ता दिला नाही. घरी मात्र नवा पत्ता कळवला.

डेट्रॉइटला आलेलं बाचं पहिलं पत्र पोलादपूरच्या मास्तरांच्या अक्षरात होतं. आमच्या घरची सगळी पत्रं तेच लिहीत आणि वाचत. "तुझ्या मताप्रमाणे केलं. सोनीला माघात घाटावर दिली. माणूस बिजवर आहे, पहिलीची दोन पोरं आहेत, पण खाऊनपिऊन बरं आहे." मला वाटत होतं, सोनीला गणूच मागणी घालील.

गणू वरंधचा. महाडला शाळेत आम्ही एका खोलीत राहिलो, एका टोपातला भात खाल्ला. शिमग्याला तो दोन दिवस चालून आमच्याकडे कुडपणाला यायचा. सोनी त्याची टोपी लपवायची आणि तो घरभर शोधायचा. ती टोपी दर वर्षी कणगीच्या मागेच असायची, आणि गणू दर वर्षी ती सगळ्यांत शेवटी तिथे शोधायचा. मला हे दिसत होतं आणि मनातून आवडत होतं. पण पत्रात गणूचं नाव नाही, तेव्हा त्यानं मागणी घातली नसेल, असं मी समजलो. 'तुझ्या मताप्रमाणे' हे शब्द मला मास्तरांच्या नेहमीच्या मायन्यासारखे वाटले. बाप परदेशातल्या लेकाचा मान राखतोय, एवढंच. मला उलट बरंच वाटलं.

त्याआधी भाऊबीजेला सोनीच्या दोन ओळी ठरलेल्या असत, चंद्राला ओवाळलं, म्हशीला पाडा झाला, असल्या. लग्नानंतर त्या बंद झाल्या. सासरी कामं असतील, असं मी स्वतःला सांगितलं. एकट्या माणसाला स्वतःला काय वाटेल ते सांगता येतं, खोडून काढायला कोणी नसतं.

पुढच्या निवडणुकीच्या वर्षी देशाची रया गेलेली होती. कारखान्यांची धुरांडी थंड, बँकांना कुलपं, आणि चांगल्या कोटातली माणसं वाटीभर सूपसाठी रांगेत उभी. हत्तीवाले म्हणत, धीर धरा, सुबत्ता कोपऱ्यावर आहे. त्या कोपऱ्यावर मी रोज जात होतो, तिथे सूपचीच रांग होती. चार वर्षांपूर्वी पोपच्या नावानं कानाला हात लावणारी माणसं आता गाढवाचं चित्र छातीला लावून फिरत होती. तेव्हा माझं असं मत झालं, आणि मत म्हणजे नुसतं वाटणं, ते काही कोर्टानं काढून घेतलेलं नाही, की पोट भरलेलं असलं की माणूस धर्म बघतो आणि रिकामं झालं की भाकरी बघतो. दोन्ही पक्ष उठता बसता 'जनता, जनता' करत. मी रांगेत तिच्यातच उभा होतो, पण त्यांच्या मोजणीत नव्हतो.

माझी नोकरी गेली होती. ओळखीचं कोणी असावं म्हणून ब्रुकलिनला परत आलो आणि जुन्या लॉजिंगचं दार वाजवलं. घरमालकिणीनं मला ओळखलं. बस म्हणाली आणि आतून बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आली. डब्यात गेल्या भाडेकरूंची राहिलेली पत्रं होती. त्यांतलं एक माझं होतं. मी निघून गेल्यावर आठवड्याभरात आलेलं, तिनं चार वर्षं जपून ठेवलेलं.

मी ते जिन्यातच उभ्यानं वाचलं. नवरात्रात लिहिलेलं होतं, म्हणजे मी हत्ती-गाढवाचं पत्र टाकायच्या आधीच तिकडून निघालेलं. "वरंधच्या गणूनं सोनीला मागणी घातली आहे. पोरगा तुझ्या सोबतीचा, तुला आतून-बाहेरून ठाऊक. आमच्या मनास येतं, पण तुझं मत आल्याशिवाय हो म्हणायचं नाही असं ठरवलं आहे. तरी तुझं मत कळव."

दोन पत्रं समुद्रात कुठंतरी एकमेकांच्या शेजारून गेली होती. बानं विचारलं, तुझं मत कळव. आणि त्याला माझं जे पत्र मिळालं त्यात लिहिलं होतं, मताचं विचाराल तर माझं मत नाही, आणि कारण लिहायला लाज वाटते. मी जिन्यात बसलो. घरमालकीण म्हणाली, कोणी वारलं काय? नाही, म्हटलं.

त्याच दिवशी मी सोनीला पत्र लिहिलं. बाला नाही, तिला, मास्तरांच्या पत्त्यावर. सगळं फोडून लिहिलं. निवडणूक म्हणजे काय, पेटी कशी असते, कागद कसा टाकतात, त्यालाही मतच म्हणतात, आणि ते मला का नाही. गणूसारखा माणूस शोधून सापडला नसता, हेही लिहिलं. ते लिहून आता कोणाचं काय भलं होणार होतं, देव जाणे. पण मला ते लिहावंसं वाटलं.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. सोनी माहेरी आली होती, तेव्हा बाजाराला जाते सांगून पोलादपूरला मास्तरांकडे गेली होती. मास्तर एरवी आमचं बोलणं शुद्ध करून लिहीत. या वेळी त्यांनी तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं. दुरुस्त करायला त्यांचाही हात धजला नसावा.

"दादा, कागद पोचला. मास्तरांनी दोनदा वाचला. तुझा तो पयला कागद आला तवा मास्तर वर घरी आलं व्हतं. बा पडवीत बसला व्हता, आये नि मी दाराआड. हत्ती नि गाढवाचं ऐकून समदी हसली. मी पन हसली. मंग मास्तर वाचता वाचता थांबलं. बा बोलला, परत वाचा. परत तेच. बा बोलला, धोंडू त्याच्यासंगं एका खोलीत ऱ्हायलाय, त्याला ठाव असनार, लिवायला लाज वाटं असं कायतरी असंल. वरंधला निरोप गेला. त्यांनी कारन इचारलं, तर बा बोलला, पोराचं मत नाय, येवढंच. बाकीचं लोकांनी जोडलं. गणूला कोन पोरगी देईना. तो मुंबईला गेला तो आलाच नाय.

"हे बाला लिवू नको. त्याला वाटतं, त्यानं तुझा मान राखला. आता तो थकलाय. कोन आलं की सांगतो, पोरगा येवढ्या लांब हाय, पन त्याच्या मताबिगर घरात काय व्हत नाय.

"तुझा राग नाय, दादा. तुला मत नाय म्हनून तुला किती लागलं, ते मास्तर वाचत व्हते तवा कळलं. पन बानं तुला समुद्रापार इचारलं. मी दाराआड व्हती. तिथं बायांना मत हाय काय? उत्तर धाड."

त्याला आता चौथं वर्ष लागलं. मी बाला पत्रं लिहिली, आये गेली तेव्हा लिहिली, पैसे जमले तसे पाठवले. सोनीच्या प्रश्नाला उत्तर लिहिलं नाही. दोनदा कागद घेऊन बसलो आणि उठलो.

यंदा पुन्हा निवडणूक आहे. गाढववाले म्हणतात, आम्ही माणसांना कामाला लावलं. हत्तीवाले म्हणतात, तिजोरी उधळली. माझं विचाराल तर कामाला लावलं हे खरं आहे, रस्ते नि पूल डोळ्यांना दिसतात. पण त्या सरकारी कामांवर घेताना कागद बघतात, आणि माझ्यापाशी कागद नाही. मॅकनं मला पुन्हा लाँड्रीत घेतलं आहे. तो म्हातारा झाला, तरी शनिवारी विचारतो, "डॅन, तू कोणाला देणार?" घरमालकीण अजून आहे. परवा टोपी काढून तिनं ती ब्रशनं झाडली आणि खिडकीत ठेवली.

मागे राहिलेल्यांना वाटतं, गेलेला माणूस घर विसरतो. गेलेल्यांना वाटतं, घर आपल्यावाचून अडलेलं आहे. मीही तसाच. इथे मला कोणी काही विचारत नसे, तेव्हा मी मनाशी म्हणायचो, असू दे, पठारावर एक घर आहे, तिथे माझ्या मतावाचून काही होत नाही. त्या आधारावर मी पाच-सहा वर्षं कोळसा ओढला. आता ते घर डोळ्यांपुढं आणलं की पडवी दिसत नाही, बासुद्धा दिसत नाही. दार दिसतं, आणि त्याच्याआड उभी सोनी. बानं तिला विचारलं नाही, त्याला तशी रीतच नव्हती. पण मी चार बुकं शिकलेला. कोर्टानं मला विचारलं नाही म्हणून केवढा जळफळलो. आणि सगळं कळल्यावर तिला जे पत्र लिहिलं, त्यातही माझंच दुःख लिहिलं, माझ्याच मताचं. तिला एक प्रश्न विचारला नाही.

म्हणून आज, टोपी खिडकीत असताना, लिहितो. मास्तर, हे तिला वाचून दाखवा, आणि एक अक्षरही शुद्ध करू नका.

हाय गो सोने. हितं बायांना मत हाय. गणूच्या वक्ताला तुझं काय मत व्हतं? उत्तर धाड.